आज्जीच्या कुड्यांतला पिवळसर हिरा नव्या दागिन्यात कसा दिसेल?

तुळशीचं लग्न झालं की आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या सराफ गल्लीत जुन्या डब्या उघडायला लागतात. खानापूरहून, निपाणीहून, कधी कोल्हापूरची गुजरी फिरून आलेली मंडळी रुमालात बांधलेली आज्जीची अंगठी नाहीतर सात हिऱ्यांच्या कुड्या समोर ठेवतात आणि विचारतात, "हिरा पिवळा पडलाय का हो?"

हिरा वयानं पिवळा पडत नाही. जमिनीतून निघाला तेव्हाच त्यात ती झाक होती. हिरा म्हणजे कार्बन. तो घडताना थोडा नायट्रोजन आत राहिला, तर तो उजेडातला निळा-जांभळा भाग शोषून घेतो आणि आपल्याला खडा पिवळसर दिसतो. बदलतं ते आजूबाजूचं : उजेड, सोनं, शेजारचा खडा, वर बसलेलं तेल. त्यामुळे एकच खडा एका दागिन्यात लोण्यासारखा उबदार दिसतो आणि दुसऱ्यात जुन्या कागदासारखा. असा खडा ज्यांच्या हाती पहिल्यांदाच आलाय, किंवा जुन्या घाटाचा खडा विकत घेऊन जे दागिना घडवणार आहेत, त्यांनी काय काय आणि कुठल्या क्रमानं करावं, ते सांगते. मोडणीचा निर्णय घाईत घेऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिली पायरी : धुतल्याशिवाय रंगाबद्दल बोलू नका

हिऱ्याला तेलाची ओढ असते. कानातल्या खड्यावर खोबरेल, अंगठीच्या खड्यावर कणीक, साबण आणि हळद, सगळं मागच्या बाजूला जाऊन बसतं. मागून मळलेला खडा उजेड परत फेकत नाही, मग तो करडा आणि मूळच्यापेक्षा पिवळा दिसतो. निम्म्या डब्यांतला "पिवळेपणा" इथेच निघून जातो.

खड्याची मागची बाजू उघडी असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाका, अर्धा तास भिजवा, लहान मुलाच्या मऊ ब्रशनं मागून घासा. आमच्याकडे अजून रिठ्याचं पाणी वापरतात, तेही चांगलं. पण आधी दागिना उलटा करून बघा. मागून सोन्यानं बंद असेल तर पाण्यात अजिबात बुडवू नका. बंद कोंदणात खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा असतो, त्याला डांक म्हणतात. आत पाणी शिरलं की तो काळा पडतो आणि खडा कायमचा विझल्यासारखा दिसतो. शेजारी मोती असतील तरी भिजवणं टाळा.

धुताना क्वचित उलटंही घडतं, खडा धुतल्यावर जास्त पिवळा दिसतो. पिवळी झाक दबावी म्हणून खड्याच्या कडेला जांभळ्या शाईचा पुसट ठिपका लावण्याची युक्ती फार जुनी आहे. जांभळा पिवळ्याला मारतो. नवा खडा घेत असाल तर पैसे देण्याआधी तो आपल्यासमोर स्पिरिटनं पुसून घ्या. यात भीड कसली धरायची?

दुसरी पायरी : खडा कुठल्या घाटाचा आहे ते ओळखा

रंग कसा दिसणार हे पैलूंवर फार अवलंबून आहे, म्हणून इथे घाई करू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते सराफ कट्ट्यावर कुणीही देईल.

खडा गुळाच्या खड्यासारखा चौकोनी-गोलसर, डोकं उंच, वरचा सपाट भाग म्हणजे टेबल लहान, आणि खालचं टोक कापून सपाट केलेलं असेल, तर तो ओल्ड माइन कट. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले बहुतेक खडे असे. तेच सगळं, पण बाहेरची कड गोल असेल तर ओल्ड युरोपियन कट. तो साधारण 1880 नंतर यंत्रानं खडे गोल करता यायला लागल्यावर रुळला आणि 1930च्या आसपास मागे पडला. 1919 साली मार्सेल टोल्कोव्स्कीनं गणितानं हिऱ्याची मापं मांडली. आजचा गोल ब्रिलियंट, म्हणजे दुकानात सर्रास दिसणारा बारीक पैलूंचा खडा, त्याच वाटेनं आला. तिसरा प्रकार रोझ कट : खालून सपाट, वर घुमटासारखे त्रिकोणी पैलू. आणि आपल्याकडचा पोलकी, म्हणजे जवळजवळ पैलू नसलेला चपटा हिरा.

जुन्या गोल खड्याच्या मधोमध वरून पाहिलं तर एक बारीक डोळा दिसतो. तो खालच्या कापलेल्या टोकाचा असतो. पहिल्यांदा बघणारे त्याला भोक समजून घाबरतात. तो दोष नाही. पण रंगाच्या हिशेबात तो खिडकीचं काम करतो. खाली पिवळं सोनं असेल तर तो डोळा पिवळा दिसतो आणि बघणाऱ्याला अख्खा खडाच पिवळा वाटतो.

जुन्या खड्याचे पैलू मोठे आणि कमी दाट असतात. त्यामुळे उजेड बारीक चमचमाटासारखा न येता सावकाश, मोठ्या लकाकीनं येतो, त्यात लाल-हिरवे-निळे रंग ठळक दिसतात. समईजवळ आज्जीची अंगठी हलवून बघितली असेल तर मी काय म्हणते ते कळेल. ही रंगीत लकाकी समोरून बघताना अंगचा पिवळेपणा बराच झाकते. मात्र ओल्ड माइन कटच्या कोपऱ्यांत रंग साचतो, गोल खड्यात तो जास्त विखुरतो. आणि मोठ्या खड्यात रंग जास्त दिसतो. वीस सेंटच्या, म्हणजे 0.2 कॅरटच्या खड्यात जी झाक शोधावी लागते, ती दीड कॅरटमध्ये आपण होऊन दिसते.

रोझ कट आणि पोलकीचं वेगळंच आहे. खडा पातळ, म्हणून त्याचा स्वतःचा रंग कमी जाणवतो, पण तो काचेसारखा आरपार दिसतो. मागे जे असेल तो त्याचा रंग : सोनं असेल तर सोन्याचा, डांक असेल तर डांकेचा, मागून उघडा असेल तर तुमच्या कातडीचा.

तिसरी पायरी : कागदावरचं अक्षर वाचा

सोबत प्रमाणपत्र असेल तर त्यावर रंगाचं एक अक्षर असतं. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेनं 1953 मध्ये ही डी ते झेड अशी पट्टी रूढ केली. डी-ई-एफ बिनरंगी, जी ते जे जवळजवळ बिनरंगी, के-एल-एम फिकट झाक, त्यापुढे झाक वाढत जाते. ए-बी-सी मुद्दामच घेतले नाहीत, कारण बाजारात तेव्हा ती अक्षरं जो तो आपल्या मनानं वापरत होता.

हे अक्षर ठरवताना सुटा खडा पालथा घालतात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवतात आणि दिवसासारख्या ठरलेल्या दिव्याखाली बाजूनं बघतात. तुम्ही मात्र तो बसवलेला, सुलटा आणि वरून बघणार. म्हणून जुन्या घाटाचा के किंवा एल रंगाचा खडा समोरून अक्षरापेक्षा पांढरा वाटू शकतो. अक्षर खोटं नसतं, ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतं. खडा दागिन्यात असताना काढलेल्या कागदावर एक अक्षर नसून "के ते एम" असा पट्टा लिहिलेला असेल तर बिचकू नका. शेजारच्या धातूमुळे त्याहून नेमकं सांगता येत नाही.

चौथी पायरी : तीन उजेडांत बघा

दुकानातले दिवे हिरा चमकावा म्हणून लावलेले असतात, आमच्याही पेढीवर तेच आहेत. त्या उजेडात लकाकी बघा, रंग ठरवू नका.

पहिला उजेड ढगाळ दिवसाचा. आपल्या बेळगावच्या पावसाला सगळे वैतागतात, पण जुलैतल्या सकाळी दहा-अकराला दारात जो सगळीकडून सारखा, सावली न पाडणारा उजेड येतो, त्यात रंग जसा कळतो तसा कुठल्याच दिव्याखाली कळत नाही. ऊन असेल तर उत्तरेच्या खिडकीशी, सावलीत उभे राहा. थेट उन्हात नुसती आग दिसते. पांढऱ्या कागदाची घडी घालून तिच्या खाचेत खडा ठेवा. आधी वरून बघा, मग बाजूनं. अंगावर पिवळी किंवा भडक लाल साडी असेल तर पदर मागे घ्या, तो रंग थेट खड्यात उतरतो. हळदी रंगाच्या भिंतीचंही तेच.

दुसरा उजेड घरचा, संध्याकाळचा. पिवळसर दिव्याखाली हा खडा आणखी उबदार होणार. जुन्या घाटाच्या खड्याची खरी शोभा इथेच असते. तुम्हाला तो या उजेडात आवडला नाही, तर घेऊ नका किंवा बसवू नका, कारण लग्नाला, हळदीकुंकवाला तो याच उजेडात बाहेर पडणार आहे.

तिसरा उजेड पांढऱ्या ट्यूबचा, ऑफिस किंवा बँकेतला. तिथे झाक थंड आणि थोडी करडी वाटते.

मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. कॅमेरा आपणच पांढरा रंग ठरवतो आणि पिवळसर खडा कधी बर्फासारखा तर कधी केशरी दाखवतो. दुरून खडा घेत असाल तर विकणाऱ्याला सांगा, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून, दारातल्या उजेडात, हळूहळू फिरवत व्हिडिओ काढा.

इथे एक गोष्ट आमच्या भागासाठी खास. दक्षिणेकडच्या हिऱ्याच्या बाजारात "ब्लू जागर" हा शब्द मानाचा आहे. निळसर पांढऱ्या खड्याला तसं म्हणतात. नाव आलं ते दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफॉन्टेन खाणीवरून. बेळगावात कानडी घरांतली वज्रद ओले, म्हणजे हिऱ्याची कानातली, आणि मराठी घरांतल्या कुड्या एकाच कट्ट्यावर घडतात, त्यामुळे तीच निळ्या झाकेची आवड आपल्यातही मुरली आहे आणि पिवळसर खडा म्हटला की नाक मुरडलं जातं. मला हे पटत नाही. जुन्या खड्याला ब्लू जागरच्या मापानं मोजलं तर तो नेहमीच हरणार. शिवाय काही पिवळसर खड्यांत निळी प्रतिदीप्ती असते. अतिनील किरणांत ते निळे उजळतात आणि दिवसाउजेडी थोडे पांढरे दिसतात, रात्री दिव्याखाली पुन्हा मूळ झाकेवर येतात. नोटा तपासायच्या छोट्या यूव्ही टॉर्चनं अंधारात बघितलं की लगेच कळतं. "दुकानात पांढरा होता, घरी पिवळा झाला" या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं.

पाचवी पायरी : धातू ठरवण्याआधी खडा धातूवर ठेवून बघा

सगळ्यात जास्त पस्तावा इथे होतो. माझ्या घरचीच गोष्ट सांगते. माझ्या आत्याला तिच्या सासूची ओल्ड युरोपियन कटची अंगठी मिळाली होती. जुनी, जाड पिवळ्या सोन्याची, खड्याभोवती अखंड कड. नातीला नव्या पद्धतीची हवी म्हणून त्यांनी बाहेरगावी एका दुकानात ती मोडून पांढऱ्या सोन्यात, भोवती बारीक शुभ्र हिऱ्यांची कडी लावून करून घेतली. अंगठी घरी आली आणि आत्या रडायलाच लागली : "हा आपला हिरा नव्हे." मधला खडा चहाच्या फिकट डागासारखा दिसत होता. आठ दिवस घरात खडा बदलल्याचीच चर्चा. शेवटी माझ्या वडिलांनी भिंगाखाली धरला. कडेजवळचा पिसासारखा बारीक तडा, जो त्यांनी वीस वर्षांपूर्वी पाहिला होता, तिथेच होता. खडा तोच होता. आधी पिवळ्या सोन्यात तो त्या सोन्यापेक्षा पांढरा दिसायचा, आता शुभ्र धातू आणि शुभ्र खड्यांत त्यांच्यापेक्षा पिवळा दिसत होता. पुढे वडिलांनी तो पुन्हा पिवळ्या सोन्यात बसवला आणि आत्याला तिचा हिरा सापडला.

म्हणून ऑर्डर देण्याआधी हे करा. सुटा खडा असेल तर मेणाच्या गोळीवर बसवा आणि एकदा पिवळ्या सोन्याच्या अंगठीवर, एकदा पांढऱ्या सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या अंगठीवर टेकवून हातभर अंतरावरून बघा. नाकाशी धरून नको, लोक तुमचा हात तेवढ्या जवळून बघत नाहीत. खडा दागिन्यात असेल तर त्याच्याखाली पांढऱ्या कागदाचा तुकडा धरला, मग पिवळा धरला, तरी अंदाज येतो.

ठरवताना मी असं सांगते. झाक आवडत असेल, ती उठून दिसायला हवी असेल तर अखंड कड आणि बंद किंवा अर्धबंद पाठ, पिवळ्या सोन्यात. सोनं चारी बाजूंनी खड्यात उतरतं आणि तो मधाळ होतो. खडा जितका पांढरा दिसेल तितका बरा वाटत असेल तर पिवळ्या सोन्याची अंगठी ठेवा, पण खडा धरणारी नखं आणि खालची बैठक पांढऱ्या धातूची घ्या, पाठ उघडी ठेवा. पूर्ण पांढऱ्या धातूत के-एलच्या पुढचा जुना खडा घालायचा तर आधी मेणावरची परीक्षा झालीच पाहिजे. काहींना तो फरक आवडतो, विशेषतः ओल्ड माइन कटचा मोठा खडा असेल तर, पण तो डोळ्यांनी बघून निवडलेला असावा.

पांढऱ्या सोन्यावर रोडियम या शुभ्र धातूचा मुलामा असतो. तो झिजला की धातू पिवळसर होतो आणि खड्याची झाकही बदललेली वाटते. तेव्हा पुन्हा मुलामा चढवावा लागतो, हा खर्च धरून चला.

सोन्याच्या कसाबद्दलही बोलून घ्या. आपल्या घरांत 22 कॅरटशिवाय चालत नाही. त्याचा पिवळेपणा गडद, म्हणून खड्यावर त्याची छाया जास्त पडते, आणि ते मऊ असल्यानं बारीक नखं लवकर वाकतात. हिऱ्यासाठी 18 कॅरट, म्हणजे 750चं सोनं जास्त कामाचं. अखंड कड करायची असेल तर 22चा हट्ट चालून जाईल.

सहावी पायरी : शेजारचे खडे

सात हिऱ्यांच्या कुडीत मधे एक आणि भोवती सहा. सातही पिवळसर असतील तर कुणाला पिवळेपणा दिसतच नाही, पाणीदार एकजीव फूल दिसतं. त्यातला एक पडतो, दुकानदार चांगल्या मनानं "अगदी पांढरा, नवा" हिरा बसवून देतो, आणि उरलेले सहा एका दिवसात म्हातारे होतात. कारागीर खडा जुळवायला बसला की कानडीत विचारतो, "बण्ण ह्यांग काणतैती?" रंग कसा दिसतोय? इतक्यावर थांबू नका. पैलूही जुळले पाहिजेत. आजच्या ब्रिलियंटचा बारीक चमचमाट आणि जुन्या खड्याची सावकाश लकाकी शेजारी शेजारी बसली की रंग एक असूनही खडा परका दिसतो. जुन्या मोडीतला खडा शोधायला महिना लागला तरी थांबा. कोल्हापूर, हुबळी, मुंबईपर्यंत निरोप जातात, मिळतो. अगदीच नाही मिळाला तर आता जुन्या घाटाचे खडे नव्यानं पाडून मिळतात, नैसर्गिकही आणि प्रयोगशाळेत वाढवलेलेही. कुठला आहे हे बिलावर लिहून घ्या.

खडा एकटाच मोठा असेल आणि भोवती कडी हवीच असेल, तर बारीक हिरे डी-एफ नको, झाकेचेच घ्या. किंवा माणिक-पाचू घ्या. त्यांच्या शेजारी उबदार हिरा फार सुंदर दिसतो.

सातवी पायरी : कारागिराकडे देण्याआधी

आत्याच्या घरात जे आठ दिवस गेले ते कुणाच्या घरात जाऊ नयेत, म्हणून एवढं करा. खड्याची लांबी, रुंदी, खोली मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. सुटा केल्यावर वजन कॅरटमध्ये आपल्यासमोर करा, एक कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम. भिंगातून आतल्या खुणा बघा, कुठे तडा, कुठे काळा ठिपका, आणि वहीत गोल काढून त्या खुणा मांडा. त्या वहीवर कारागिराची सही घ्या. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. माझे वडील तर स्वतःच काढून द्यायचे.

जुना खडा खोल असतो, म्हणून एक कॅरटचा जुना खडा एक कॅरटच्या नव्यापेक्षा वरून थोडा लहान दिसतो. हे आधी माहीत असलं की वजनावरून शंका येत नाही. नवा घाट देण्यासाठी खडा "री-कट" करूया, असं कुणी सुचवलं तर माझं स्पष्ट मत आहे, करू नका. वजन जातं, झाक फारशी जात नाही, आणि जुना घाट पुन्हा मिळत नाही. आपल्या चिकोडी-अथणीजवळून वाहणारी कृष्णाच पुढे आंध्रात कोल्लूरच्या जुन्या हिऱ्याच्या खाणीजवळून जाते. आज्जीच्या डबीतला खडा तिथला असेलच असं नाही, पण हातानं पाडलेले पैलू आहेत, ते राहू द्यावेत.

सोन्यासाठी हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक बघा, बीआयएस केअर अॅपवर तो तपासता येतो. तो फक्त सोन्याची हमी देतो. हिऱ्याचा रंग, वजन आणि घाट बिलावर वेगळे लिहून घ्यावेच लागतात.

आठवी पायरी : दागिना ताब्यात घेताना

शक्यतो सकाळी जा. दुकानाच्या दारात, सावलीत, वही उघडून खुणा पडताळा. मग दागिना घाला आणि हात सैल सोडून बघा, बोटाच्या रंगाचीही छाया खड्यात येते. नख टेकवून खडा हलत नाही ना ते बघा. त्या संध्याकाळी घरच्या दिव्याखाली पुन्हा बघा. काही खटकलं तर दुसऱ्याच दिवशी जा. पाठीचं सोनं थोडं उघडणं किंवा नखांवर पांढरा मुलामा देणं ही लहान दुरुस्ती असते आणि तिनं झाक बरीच बदलते.

पुढे महिन्यातून एकदा उघड्या पाठीचा दागिना साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा. मोरीवर नको, वाडग्यात, आणि पाणी ओतण्याआधी वाडग्यात खडा सुटून पडला नाही ना ते बघा. बंद पाठीचा दागिना किंचित ओल्या फडक्यानं वरून पुसायचा आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपायचा.